पालथी बादली

गेल्या महिन्यात आमच्या घरावर परचक्र आले. शत्रूचे वय अवघे साडेआठ महिने असून त्याच्यापाशी हत्यारे म्हणून दोनच दात आहेत. परंतु ज्या दिवशी त्याने आपले पोट जमिनीवरून उचलले आणि दोन हात व दोन गुडघे यांच्या बळावर दिवाणखान्यातून थेट स्वयंपाकघराकडे मोहीम वळवली, त्या दिवसापासून या घरातली एकही वस्तू आपल्या जागी सुरक्षित राहिलेली नाही. चाळीस वर्षे आम्ही हे घर लावीत आलो, ते साडेपाच फूट उंचीच्या माणसांच्या सोयीने. वीत-दीड वीत उंचीवरून ते कसे दिसत असेल, हा विचार आमच्या मनाला कधी शिवलाही नव्हता.

तो विचार प्रथम सुचला आमच्या सूनबाईंना. एके दिवशी सकाळी मी वर्तमानपत्र उघडून बसलो असता त्या म्हणाल्या, "बाबा, तुम्ही एकदा खाली येऊन रांगून बघता का? त्याला काय काय दिसतं ते आपल्याला कळेल तरी!" दृष्टिकोन बदलण्याचा उपदेश मी आजवर पुष्कळांना केला आहे, पण तो गुडघे टेकून बदलावा लागेल असे मला स्वप्नातही वाटले नव्हते. तथापि सुनेची आज्ञा मोडणे ही गोष्ट सासऱ्याच्या वयात परवडणारी नसते. कुरकुरणाऱ्या गुडघ्यांची समजूत घालीत मी खाली उतरलो.

आणि खरोखरच, मी एका अनोळखी घरात येऊन पोचलो! मेजावरच्या कापडाचा लोंबता काठ 'मला ओढ' असे जणू बोलावीत होता. विजेच्या खटक्यांखालची तीन छिद्रे नेमकी माझ्या डोळ्यांसमोर आली. दिव्याची वायर एखाद्या वेलीसारखी भिंतीकडेने सरपटत गेली होती. दिवाणाखाली एक टाचणी सापडली, दोन शेंगदाणे सापडले. आणि थोड्या अंतरावर सापडली माझी रक्तदाबाची गोळी. आठवड्यापूर्वी ती हातातून निसटली होती, आणि 'मिळेल केव्हातरी' असे म्हणून मी दुसरी घेतली होती. माझ्या रक्ताला शिस्त लावणारी ती इवलीशी गोळी आठ किलोच्या जिवाला काय करू शकली असती, हे मनात येताच मी उगाच विनोद करायचा थांबलो.

त्या दिवसापासून घरात सुधारणांचे पर्व सुरू झाले. खटक्यांच्या छिद्रांवर झाकणे बसली. पुस्तकांचे कपाट भिंतीला जखडले गेले. कारण खालचा खण धरून उभे राहू पाहणाऱ्या मुलावर असे कपाट कोसळू शकते. दूरदर्शन-संचाच्या नियंत्रकातली नाण्याएवढी चपटी बॅटरी चिकटपट्टीने बंदिस्त झाली. ती गिळली जाऊन अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांच्या आत आतला भाग भाजून काढते, हे मला या वयात प्रथमच कळले. शेंगदाण्यांचा डबा वरच्या फळीवर गेला, कारण दाढा न आलेल्या मुलाच्या श्वासनलिकेत दाणा सहज उतरतो. येत्या संक्रांतीच्या बोरन्हाणाबद्दल आमच्या घरातून काहीशा नाराजीनेच तडजोड झाली: बोरे, हरभरे आणि हलवा ताटात राहतील आणि बाळाच्या डोक्यावरून फुलांच्या पाकळ्या तेवढ्या पडतील. अखेर देव्हारा! त्यातला अंगठ्याएवढा पितळी बाळकृष्ण एका हातात लोण्याचा गोळा धरून कित्येक वर्षे रांगत आहे. एका रांगणाऱ्याच्या धाकाने दुसऱ्या रांगणाऱ्याला उंच फळीवर चढावे लागले!

हे सारे चालू असता, वडीलधाऱ्यांनी जे म्हणायचे असते ते मीही म्हणालो. "आमच्या कोकणातल्या घरात विळी खाली असे, अडकित्ता खाली असे, चूल जमिनीवर असे, परसात विहीर असे. आम्हांला काय झालं?" सूनबाई कपाटाच्या दाराला कडी बसवीत होत्या. मान वर न करताच त्या म्हणाल्या, "ज्यांना झालं, ते सांगायला येत नाहीत ना, बाबा."

मग त्या न्हाणीघराकडे वळल्या आणि म्हणाल्या, "आता एकच राहिलं. बादलीत पाणी भरून ठेवायचं नाही. रिकामी करून पालथी घालायची." मी म्हटले, "ती तर आपल्याकडे नेहमीच पालथी असते." आणि म्हणता म्हणता थबकलो.

आमच्या घरात बादली पालथी असते, कारण माझ्या आईने ती तशी ठेवली. रात्री सारी निजानीज झाली की आई हातात कंदील घेऊन न्हाणीत जाई. घंगाळ, बादली, तांब्या, सारे पालथे आहे की नाही हे हाताने चाचपून पाही आणि मगच अंथरुणाला पाठ टेकी. पुढे आम्ही शहरात बिऱ्हाड केले, नळाचे पाणी दिवसातून दोनच तास येऊ लागले; तरी भरलेली बादली तिने उघडी राहू दिली नाही. वर पाटा ठेवी. आम्ही भावंडे तिची थट्टा करीत असू. "आई, बादली निजली का गं?" असे विचारीत असू. तीही हसे, पण उठून जाई.

आई १९९१ साली गेली. तेराव्या दिवशी मंडळी पांगल्यावर आत्या माझ्याजवळ येऊन बसली आणि तिने मला सांगितले, की माझ्या आधी आईला एक मुलगा होता. तो दहा महिन्यांचा होता. त्याला न्हाऊ घालायचे म्हणून आईने घंगाळात पाणी विसणून ठेवले होते, आणि चुलीवरचे दूध वर आल्यासारखे वाटले म्हणून ती आत गेली. तेवढ्या वेळात तो रांगत न्हाणीत पोचला होता. "दूध उतू गेलं नव्हतं," असे आत्या दोनदा म्हणाली. त्याहून अधिक काही तिने सांगितले नाही, मीही विचारले नाही.

लहान मुलाचे डोके त्याच्या देहाच्या मानाने फार जड असते. जन्मतः ते उंचीच्या जवळजवळ चौथ्या हिश्शाइतके असते. म्हणून कडेवरून वाकलेले मूल डोक्यावर आत जाते. आणि हातांत बळ नसल्याने त्याला पुन्हा वर येता येत नाही. दोन-चार इंच पाणीही त्याला पुरते, आणि ते ओरडत नाही. आईला यातले काही ठाऊक नव्हते. तिला जे ठाऊक होते ते तिने चाळीस वर्षे, एकही रात्र न चुकता, हाताने चाचपून पाहिले.

त्या दिवशी मी एकदम दुसऱ्या टोकाला गेलो. बाजारात मुलांसाठी लाकडी कठड्याचे चौकोन मिळतात. तसा एक आणून नातवाला त्यातच ठेवावे, असे मी सुचवले. सूनबाई म्हणाल्या, "थोडा वेळ ठीक आहे, बाबा. पण दिवसभर त्यात राहिला, तर शिकेल कधी?"

या प्रश्नावरून मला एक प्रयोग आठवला. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी तो १९६० साली प्रसिद्ध केला. एका उंच मेजावर जाड काच घातली होती. एका बाजूस काचेलगत चौकड्यांचे कापड होते, तर दुसऱ्या बाजूस तेच कापड पुष्कळ खाली होते. म्हणजे तिकडे कडा असल्याचा भास होई. सहा ते चौदा महिन्यांची ३६ मुले एकेक करून मधल्या फळीवर ठेवली आणि आया दोन्ही बाजूंनी हाका मारू लागल्या. त्यांपैकी २७ मुले उथळ बाजूस गेली. खोल बाजूकडे केवळ तिघेच सरकले. पुढे जोसेफ कॅम्पॉस प्रभृती संशोधकांना असे आढळले, की कड्याची ही भीती मूल रांगू लागल्यानंतर, रांगण्याच्या अनुभवातूनच वाढीस लागते. जे रांगलेच नाही, त्याला कड्याचे भय ते कसले?

तेव्हा घरातला सारा धोका हाकलून द्यावा असे आता मला वाटत नाही. उंबरठ्याला गुडघा लागतो, मेजाखाली टाळू आपटते, लिंबाची फोड तोंडात जाते. हे गुरुजन कडक असले तरी रडवून, शिकवून परत पाठवतात. त्यांना घरात राहू द्यावे. पण पाणी, बॅटरी, गोळी, विजेचे छिद्र यांच्या शाळेत दुसरा धडा नसतो. बादलीतले पाणी तर मुलाला कड्यासारखे खोल दिसतही नाही. वाकून पाहिले की त्यात त्याला दुसरे मूल दिसते. अशांना मात्र दाराबाहेरच थांबवले पाहिजे, आणि ते काम मोठ्यांचे आहे.

आमच्या घरी आता रात्रीच्या फेरीचे काम माझ्याकडे आहे. झोपण्यापूर्वी मी न्हाणीघरात जातो. दिवा लावला की बादली पालथी असलेली स्वच्छ दिसते. तरीही मी हात लावून पाहतो.

काल दुपारी न्हाणीघराकडून ढब ढब असा आवाज आला आणि मी वर्तमानपत्र टाकून धावलो. दार उघडे राहिले होते. चिरंजीव आत कोरड्या फरशीवर बसले होते आणि दोन्ही हातांनी पालथ्या बादलीवर ढोल वाजवीत होते. मला पाहून ते हसले. दोन दात दिसले. मी दाराला टेकून बराच वेळ तो ढोल ऐकत उभा राहिलो, मग त्यांना उचलून घेतले, आणि सूनबाईंना हाक मारून म्हटले, "या दाराला कडी वर लावून घ्या. आजच."