तिसऱ्या रकान्याचं देणं

माझं शिक्षण ज्यांच्यामुळे झालं, त्यांतल्या दोघांची एकमेकांशी कधी ओळख झाली नाही. एक आमच्या कॉलेजचे ग्रंथपाल. सगळे त्यांना अण्णा म्हणत. दुसरे जावेद अबिदी. त्यांना तर मीही कधी भेटलो नाही.

अबिदी चाकांच्या खुर्चीवरून वावरणारे. 1995च्या डिसेंबरात ते आणि त्यांचे साथी दिल्लीत संसदेपाशी रस्त्यावर उतरले. अपंगांच्या हक्कांचं विधेयक त्या अधिवेशनात मंजूर झालं नाही तर पुन्हा कधी येईल याचा भरवसा नव्हता, कारण निवडणुका तोंडावर होत्या. कायदा झाला आणि 7 फेब्रुवारी 1996 पासून लागूही झाला. सरकारी आणि अनुदानित शिक्षणसंस्थांत तीन टक्के जागा राखीव झाल्या. मी नुकताच बारावी झालो होतो. डाव्या पायाला पोलिओ, कॅलिपर आणि काठी, घरची शेती कोरडवाहू.

प्रवेशाच्या वेळी खिडकीवर सांगण्यात आलं की असा काही नियम आलेला नाही. अण्णा तिथून जात होते. त्यांनी मला ग्रंथालयात बसवलं, चहा मागवला आणि कायद्याची प्रत काढली. कलम 39 त्या कायद्यात नोकऱ्यांच्या प्रकरणात जाऊन पडलेलं होतं. त्यामुळे ते शिक्षणाला लागू होतच नाही असा अर्थ पुढे कित्येकांनी काढला. 2002 साली सर्वोच्च न्यायालयानं तो वाद मिटवला. अण्णांनी तो आमच्यापुरता त्याच दुपारी मिटवला. प्राचार्यांसमोर ते कलम त्यांनी दोनदा वाचलं, एकदा सावकाश आणि एकदा त्याहून सावकाश. मला प्रवेश मिळाला.

पण ऋण म्हणतो ते एवढ्याचंच नाही. अण्णा अधूनमधून पुण्याला जात आणि गोखले इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयातून संसदीय समित्यांच्या अहवालांच्या झेरॉक्स आणत. माझी शिष्यवृत्ती रखडली की म्हणत, “रडून काय होणार बाळा, पैसा कुठं अडला ते बघू.” मग ते पान उघडत. तीन रकाने असत: अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज, प्रत्यक्ष खर्च. पहिला रकाना भाषणात येतो, तिसरा माणसाच्या हातात येतो, असं ते सांगत. पहिल्यात भरघोस रक्कम, दुसऱ्यात तिला कात्री आणि तिसऱ्यात त्याहून कमी, ही उतरंड मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला माझ्या शिष्यवृत्तीच्या मनीऑर्डरीचा रस्ता दिसला.

ही कामाची पद्धत आजही पुष्कळांना माहीत नसते, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. विभागवार स्थायी समित्या 1993 साली सुरू झाल्या. आता प्रत्येकीत 31 सदस्य असतात, 21 लोकसभेचे, 10 राज्यसभेचे. मंत्र्याला तिथे जागा नाही. अर्थसंकल्प मांडला की सभागृहाला सुटी लागते आणि या समित्या अनुदानाच्या मागण्या तपासायला बसतात. खात्याच्या सचिवाला समोर बोलावून विचारतात: दिलेले पैसे का खर्चले नाहीत? उत्तर बहुतेक ठरलेलं असे. राज्यांकडून उपयोगिता प्रमाणपत्रं आली नाहीत, म्हणून पुढचा हप्ता सोडला नाही. म्हणजे मागच्या वर्षीचा एक कागद कुठल्यातरी कार्यालयात पडून राहतो आणि यंदाच्या मुलाची फी थकते. शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत, पण तीन महिन्यांत उत्तर द्यावं लागतं. त्या उत्तरांचा पुन्हा वेगळा अहवाल निघतो. त्यातलं एक प्रकरण अण्णांच्या विशेष जिव्हाळ्याचं होतं: ज्या शिफारशींवरची सरकारची उत्तरं समितीला मान्य नाहीत, त्यांचं. ते वाचताना अण्णांचा आवाज चढायचा. कुणीतरी ‘हे पटत नाही’ असं छापून ठेवलं आहे, याचा त्यांना केवढा आधार वाटे! मलाही वाटू लागला, आणि मी अर्थशास्त्र घेतलं ते त्यामुळे.

तेव्हा आमचा विषय श्रम व कल्याण समितीकडे असे. 2004 पासून सामाजिक न्याय व सक्षमीकरणाची स्वतंत्र समिती आहे. अपंगांच्या हक्कांच्या 2014च्या नव्या विधेयकाची छाननी तिनंच केली, रमेश बैस अध्यक्ष होते आणि अहवाल मे 2015 मध्ये आला. डिसेंबर 2016 मध्ये कायदा मंजूर झाला. अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस झाले, उच्च शिक्षणातल्या जागा पाच टक्के. त्या जागा प्रत्यक्षात भराव्यात म्हणून अबिदींची संघटना सर्वोच्च न्यायालयात उभी होती. निकाल 15 डिसेंबर 2017 ला लागला. पुढच्या मार्चमध्ये ते गेले. वय 52. बातमी वाचली त्या दिवशी मी वर्गात पाठ घेतला नाही. मुलांना त्यांच्याविषयी सांगितलं.

अण्णा त्याआधीच गेले होते. त्यांच्या मुलानं मला ती झेरॉक्सची बाडं दिली. समासात पेन्सिलीनं प्रश्न लिहिलेले आहेत.

आज हे अहवाल घरबसल्या, फुकट वाचता येतात. दर वर्षी विद्यार्थ्यांना घेऊन मी ते वाचतो. त्यात ग्रामविकासाच्या समितीचाही असतो, कारण केंद्राचं अपंग निवृत्तिवेतन त्या मंत्रालयाकडे आहे. 2009 साली महिना 200 रुपये, 2012 पासून 300, तेही दारिद्र्यरेषेखालच्या आणि 80 टक्के अपंगत्व असलेल्यांनाच. ही रक्कम वाढवा असं ती समिती पुन्हापुन्हा लिहीत आली आहे. माझा संताप इथे वाढतो, कारण 2016च्या कायद्याचं कलम 24 सांगतं की अपंगांना इतरांच्या तशाच योजनेपेक्षा निदान 25 टक्के जास्त मदत मिळाली पाहिजे. जास्त कशाच्या? मुळातली रक्कमच इतकी किरकोळ असेल तर या पंचवीस टक्क्यांनी औषधाची एक बाटलीही येत नाही.

यंदा एका दृष्टिहीन विद्यार्थिनीनं स्क्रीन रीडरवर असाच तीन रकान्यांचा तक्ता ऐकला आणि मला विचारलं, “सर, हे खासदारांना माहीत आहे, मग अडतं कुठं?” तिला मी तिसऱ्या रकान्याशी थांबायला सांगितलं. आता आम्ही दोघं मिळून आमच्या खासदारांना पत्र लिहितो आहोत, पानांच्या क्रमांकांसह.