दहा पुस्तकांचे उद्दिष्ट

उन्हाळ्याची सुटी जवळ आली की सरकारी वसाहतींतून एक ठरावीक चर्चा सुरू होते. मुले दिवसभर मोबाईलमध्ये डोके खुपसून बसतात, पुस्तकाला हात लावत नाहीत, काहीतरी केले पाहिजे. परवा दिल्लीतील आमच्या वसाहतीत ही चर्चा पुन्हा कानी आली आणि मला माझीच एक जुनी योजना आठवली. ती कागदोपत्री पूर्ण यशस्वी झाली होती. तिचा पश्चात्ताप मला आजही वाटतो.

त्या वेळी माझी नेमणूक बडोद्याला होती आणि वसाहतीच्या मनोरंजन मंडळाचे अध्यक्षपद माझ्याकडे होते. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी व पेशाने प्रशासक. त्यामुळे योजना तयार व्हायला वेळ लागला नाही. आठवी ते दहावीच्या मुलांनी चाळीस दिवसांत दहा पुस्तके वाचावीत, प्रत्येकाचा एक पानी सारांश लिहावा, दर शनिवारी आढावा घ्यावा आणि शेवटी बक्षीस द्यावे. पुस्तकांची यादी अर्थातच मी केली. थोरांची चरित्रे तिच्यात भरपूर होती. तेवीस मुलांनी नावे दिली, एकोणीस जणांनी उद्दिष्ट गाठले. कोणत्याही खात्याने अहवालात अभिमानाने नोंदवावे असे हे प्रमाण होते.

पुढे एकदा नोंदवही निवांतपणे चाळली तेव्हा खरा प्रकार ध्यानात आला. चाळीस पानांचे एक पुस्तक चौदा मुलांनी नेले होते आणि सर्वांत जाड पुस्तक कपाटातून एकदाही हलले नव्हते. अनेक सारांश मलपृष्ठावरील मजकुरावरून उतरवलेले होते. एखादे मोजमाप हेच उद्दिष्ट झाले की ते मोजमाप म्हणून निरुपयोगी ठरते, हा चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम (मूळ मांडणी १९७५ ची) मी सहकाऱ्यांना कितीदा तरी ऐकवला होता. घरच्या अंगणात मात्र तो मला दिसला नाही.

खरी किंमत माझ्या घरातच मोजली गेली. माझी मुलगी तेव्हा नववीत होती. त्याआधी ती रात्री पांघरुणात विजेरी घेऊन वाचत असे आणि आम्ही तिला रागावत असू. तिने तीन आठवड्यांत दहा पुस्तके संपवली. मी कौतुकाने अकरावे पुढे केले, तर ती सहजपणे म्हणाली, “बाबा, दहा झाली की!” त्यात उद्धटपणा नव्हता. वाचन हे संपणारे काम आहे आणि ते दहाव्या पुस्तकाला संपते, हे मीच तिला शिकवले होते. उरलेल्या सुटीत तिने पुस्तक उघडले नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. बक्षिसाने वाचन नेहमीच बिघडते असे नाही. अर्थतज्ज्ञ रोलँड फ्रायर यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील डॅलस येथे दुसरीच्या मुलांना प्रत्येक पुस्तकामागे दोन डॉलर दिले गेले आणि त्यांची वाचनाची समज सुधारली. पण ती वाचायला शिकणारी लहान मुले होती. माझ्या वसाहतीतील मुलांना वाचता येत होते. प्रश्न गोडीचा होता, आणि गोडीला मोबदला देऊ लागले की ती मजुरी होते.

बडोद्यात राहून हे मला उशिरा कळावे, याची अधिक खंत वाटते. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि शिकलेले अक्षर पुस्तकांवाचून टिकत नाही हे ओळखून १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना पाचारण केले. पुढे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव फिरू लागल्या. शाळेची सक्ती करणाऱ्या राजाने वाचनासाठी मात्र पेटी पाठवली. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात एका दुपारी उभा असताना हा फरक मनाला भिडला.

पुढच्या सुटीत आम्ही नोंदवही बंद केली. मंडळाच्या टेबल टेनिसच्या खोलीत पुस्तकांनी भरलेली एक पत्र्याची पेटी ठेवली. दुपारी दोन ते पाच, बाहेर ऊन भाजून काढत असताना, खोली उघडी आणि पंखा चालू. पुस्तके मुलांनीच घराघरांतून गोळा केली: भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, नारायण धारपांच्या भयकथा, जिम कॉर्बेटच्या शिकारकथा, क्रिकेटपटूंची चरित्रे, हिंदी-गुजराती कॉमिक्स. नियम दोनच. न आवडलेले पुस्तक अर्धवट टाकायला मुभा, आणि मोठ्यांनी काही विचारायचे नाही. यायचे असेल तर आपले पुस्तक घेऊन बसायचे.

इंग्रजी शाळेत शिकणारी मराठी मुले मराठी वाचणार नाहीत, अशी आम्हा पालकांची समजूत होती. परंतु हिंदीमुळे देवनागरी त्यांना येतच होती. पहिली दहा पाने ती अडखळत. मग कथाच त्यांना पुढे ओढून नेई.

किती मुलांनी किती वाचले, हे मला सांगता येणार नाही. सुटीच्या अखेरीस अकरा पुस्तके परत आली नव्हती. लेखापरीक्षणात ती तूट ठरली असती. मी ती जमेस धरली. काही मुले त्या खोलीत केवळ पंख्यासाठी आली, हेही खरे.

माझी मुलगी त्या पेटीकडे फिरकली नाही. दोन वर्षांनी, अकरावीच्या दिवाळीच्या सुटीत, एका रात्री तिच्या खोलीतला दिवा उशिरापर्यंत जळताना दिसला. दारातून पाहिले, तर हातात धारपांचे एक जीर्ण पुस्तक होते. कितवे पान, हे विचारण्याचा मोह मी आवरला आणि दार हलकेच लोटून घेतले.

परवाच्या बैठकीत नव्या योजनेचा मसुदा माझ्याकडे अभिप्रायासाठी आला आहे. उद्दिष्ट, आढावा आणि बक्षीस हे तिन्ही रकाने खोडून मी तो परत पाठवणार आहे. पेटी आणि पंखा यांची तरतूद मात्र कायम ठेवावी, अशी माझी शिफारस राहील.