ताटाखालची फट

माहूरला रेणुकामातेच्या पायऱ्यांलगत प्रसादाची दुकानं आहेत. नारळ, पेढे, खडीसाखर, हळदकुंकू आणि इथलं खास कुटलेलं तांबूल. त्यातल्या एका दुकानात काटे दुरुस्त करणारा परवानाधारक कारागीर आला होता. त्यानं इलेक्ट्रॉनिक काट्याचं स्टीलचं ताट उचललं, खालचा सांगाडा सोडवला, आणि मी बघतच राहिलो. आत ना स्प्रिंग, ना दांडी, ना चाकं. वीतभरही लांब नसलेला अॅल्युमिनियमचा एक ठोकळा, मधोमध आरपार भोक. बस्स!

‘‘हाच तोलतो सगळं,’’ कारागीर म्हणाला. ‘‘लोडसेल.’’

आणि तो तोलतो कसा? वाकून! ठोकळ्याचं एक टोक काट्याच्या बैठकीला पक्कं, दुसरं ताटाला. पेढे ठेवले की अॅल्युमिनियम वाकतं. भोकाजवळ जिथं धातू पातळ आहे तिथं नागमोडी धातूरेषांच्या चार पट्ट्या चिकटवलेल्या असतात. दोन ताणल्या जातात, दोन दाबल्या जातात, त्यांचा विद्युतरोध बदलतो आणि त्या बदलाचा आकडा पडद्यावर उमटतो. एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रुज या दोघा अमेरिकनांना ही पट्टी 1938 साली वेगवेगळी सुचली. आज तिच्याच जिवावर आपला किराणा, भाजी, खवा असं सगळं तोललं जातं.

आता हे वाकणं किती, ते ऐका. 30 किलोच्या काट्यावर पूर्ण 30 किलो ठेवले तरी ठोकळा साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आतच वाकतो. पाच-पाच ग्रॅमनं मोजणारा काटा तेवढ्याशा वाकण्याचे 6000 भाग पाडतो! एका भागाच्या वाट्याला मायक्रॉनचा दहावा हिस्साही येत नाही. पट्ट्यांना 5 व्होल्ट दिले, तर पूर्ण भाराला जेमतेम 10 मिलिव्होल्टचा संकेत मिळतो, आणि त्यातूनच पाच ग्रॅम वेगळे काढायचे. इतकी नाजूक वस्तू आपण नारळांच्या ढिगाशेजारी ठेवतो आणि ती वर्षानुवर्षं इमानानं चालते!

पण ती बिघडते ती या वाकण्यातच. धातू सोसेल तेवढाच वाकवला, तर भार काढल्यावर पुन्हा जागेवर येतो. मर्यादेपलीकडे वाकवला, तर थोडा वाकलेलाच राहतो, कायमचा. साधारणपणे लोडसेल आपल्या क्षमतेच्या दीडपटीपर्यंत भार सोसतात, त्यापुढं भरवसा नाही. नवरात्रात माहूरला पाय ठेवायला जागा नसते. त्या घाईत कुणी नारळांचं पोतं 30 किलोच्या काट्यावर टेकवतं, कुणी हौसेनं लेकराला ताटावर बसवतं. त्याहून वाईट म्हणजे आपटणं. जिन्नस ताटाला जेमतेम टेकवून हात एकदम सोडला, तरी क्षणभर दुपटीएवढा भार पडतो. चार बोटं वरून टाकला, तर कितीतरी पट! पाच किलोची पिशवी फेकणारा हात काट्याला पाच किलो देत नसतो, हे समजलं आणि माझे डोळेच उघडले.

मग हे काटे टिकतात कशानं? कारागिरानं ठोकळ्याखाली बोट दाखवलं. तिथं एक स्क्रू उभा होता. ताटाच्या सांगाड्याखाली चार कोपऱ्यांत आणखी चार. स्क्रूचं डोकं आणि वरचा भाग यांच्यात मोजके कागद सरकतील एवढीच फट. नेहमीच्या वजनाला सांगाडा स्क्रूपर्यंत पोचत नाही. भार मर्यादेबाहेर गेला की फट संपते, सांगाडा स्क्रूवर टेकतो आणि पुढचा सगळा भार थेट बैठकीत उतरतो. ठोकळ्याला आणखी वाकायला जागाच उरत नाही. ना सेन्सर, ना वीज, ना प्रोग्रॅम. संरक्षण म्हणजे मोजून सोडलेली रिकामी जागा! केवढी देखणी युक्ती!

आणि म्हणूनच ती फट साफ ठेवावी लागते. माहूरच्या दुकानात हवेत सदा हळदकुंकू उडत असतं, साखर सांडते, तांबुलाचा चिकट हात लागतो. फटीत त्याचा थर बसला की सांगाडा वेळेआधीच टेकतो. मग पाच किलोला काटा बरोबर असतो, पण वीस किलोला कमी दाखवतो, आणि दुकानदार नकळत जास्त माल देत राहतो. लहान वजन बरोबर आणि मोठं कमी, हे लक्षण दिसलं की आधी ताटाखाली बघावं.

आणखी एका गोष्टीनं मी थक्क झालो. परात ठेवून टेअर दाबलं की पडदा शून्य दाखवतो, पण ठोकळा वाकलेलाच असतो! परातीचं ओझं क्षमतेतून वजा होतं. चार किलोची परात असेल, तर 30 किलोच्या काट्यावर माल 26 किलोचाच.

तेव्हा दुकानदार मंडळींनो, काट्यावरची माहितीपट्टी वाचा. कमाल क्षमता तिथंच लिहिलेली असते. पोत्यांसाठी मोठा प्लॅटफॉर्म काटा वेगळा ठेवा. माल ताटाच्या मधोमध आणि अलगद ठेवा. काटा ताटाला धरून उचलू नका, आणि जत्रेला नेताना ताट काढून न्या. रोज सकाळी शिक्का मारलेलं एक वजन मधोमध आणि चारही कोपऱ्यांत ठेवून बघा. आकडा बदलला किंवा झीरो परत येईना, तर लोडसेलला मार बसला असं समजा. स्क्रूला मात्र स्वतः हात लावू नका. काट्याला वैधमापन विभागाचं सील असतं. दुरुस्ती परवानाधारकानंच करायची आणि नंतर पुन्हा पासिंग, म्हणजे तपासणी आणि शिक्का, करून घ्यायचं. एरवीही इलेक्ट्रॉनिक काट्याचं पासिंग दर 12 महिन्यांनी करावंच लागतं.

पूर्वीच्या तागडीत जड माल टाकला तर पारडं खाली टेकायचं आणि गोष्ट तिथंच मिटायची. लोडसेलच्या काट्याला ते टेकणं मुद्दाम, मोजून बसवून द्यावं लागतं. कुणीतरी ते बसवलंय, म्हणून लांबून आलेल्या बाईला पाव किलो पेढे पाव किलोच मिळतात. नवरात्राचा माल भरण्याआधी कारागिराला बोलवा, आणि तो ताट काढेल तेव्हा शेजारी उभं राहून आत एकदा बघाच!