दहा हजारांची कंपनी

फराळाच्या ऑर्डरी वाढल्या, तशी मी कंपनीच काढली. "अगं, लाखभर तरी लागतील!" इति जाऊबाई. पण लाखाच्या किमान भांडवलाची अट २०१५ सालीच गेली. शिवाय २०१३ च्या कायद्यानं एकटीलाही कंपनी काढता येते; आपल्या पश्चात कोण, ते नाव मात्र त्या व्यक्तीच्या लेखी संमतीसह द्यायचं. मी थोरल्या लेकीचं दिलं. भांडवल दहा हजार. धंदा बुडालाच तर तेवढेच जाणार, घर नि पाटल्या शाबूत! (हिशेब तपासनिसांची फी मात्र दरवर्षी, चकली खपो न खपो.)

मग मोठ्या भट्टीसाठी बँकेत गेले. साहेबांनी कर्जाच्या अर्जासोबत माझ्या वैयक्तिक हमीचा कागद पुढे केला. म्हणजे कंपनीनं पैसे फेडले नाहीत, तर पुन्हा माझ्याच पाटल्या! मैत्रिणींनो, कागद घरी आणलाय. सही केलेली नाही. यंदाची दिवाळी जुन्याच कढईवर.