मार्कंड्याच्या शिळांवरील वस्त्रे

चामोर्शी तालुक्यातील मार्कंड्याला वैनगंगा दक्षिणेची वाट सोडून काही अंतर उत्तरेकडे वाहते. त्या वळणावरच येथली प्राचीन शिवमंदिरे उभी आहेत. विदर्भाचे खजुराहो म्हणून लोक त्यांचे कौतुक करतात.

माझ्याबरोबर वहिनी व पुतणी होत्या. पुतणीला फॅशनच्या शिक्षणासाठी अर्ज करावयाचा आहे, आणि वहिनींचा त्याला सक्त विरोध!

"भाऊजी, शिंपीकामाला पदवी कशाला हो?"

मी सांगितले, की राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था १९८६ साली दिल्लीत निघाली. २००६ च्या कायद्याने तिला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. आपल्याकडे तिचे केंद्र खारघरला आहे. अभ्यासक्रम चार वर्षांचा. प्रवेशासाठी चित्रे काढावी लागतात, दिलेल्या साहित्यातून तिथल्या तिथे वस्तू घडवावी लागते. तेथे शिवणीचा हात नव्हे, नजर पारखतात.

ही नजर म्हणजे काय, ते मंदिराच्या भिंतीपाशी कळले. एका सुरसुंदरीकडे पाहत पुतणी म्हणाली, "काका, यात कापड दिसतच नाही. नुसत्या चुण्यांवरून ते ओळखायचं!"

मग तिने आईच्या साडीचा काठ वहीत उतरवला. साडी कोशाची, करवतकाठी. ऐन-अर्जुनाच्या पाल्यावर पोसलेल्या किड्यांचे ते रेशीम. काठाला करवतीसारखे दाते.

वहिनी वहीकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग हलकेच म्हणाल्या, "भाऊजी, खारघरला मुलींच्या राहण्याची सोय कशी असते हो?"