जमिनीवरील सुवर्ण

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील पर्थ शहरांत लॉरेन मिचेल हिनें बाळपणींच जिम्नॅस्टिकच्या वर्गांत पाऊल टाकलें, व पुढें मार्टिन जॉर्ज या शिक्षिकेच्या हाताखालीं ती तयार झाली. सतरा वर्षांची असतांना, २००८ सालीं, ती बीजिंगच्या ऑलिंपिक स्पर्धेंत उतरली. तेथें तिच्या संघाचा सहावा क्रमांक आला.

मला खरें कौतुक वाटतें तें त्यापुढील दोन वर्षांचें. २००९ सालीं लंडन येथील जागतिक स्पर्धेंत जमिनीवरील कसरतींत तिला रौप्यपदक मिळालें. २०१० च्या ऑक्टोबरांत आपल्या दिल्लीस राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा भरल्या. तेथें तिनें चार सुवर्णपदकें जिंकिलीं. परंतु जमिनीवर पुन्हां रौप्यच! तीन आठवडे लोटण्यापूर्वींच रॉटरडॅम येथें त्याच कसरतींत ती जगज्जेती ठरली. जिम्नॅस्टिकमध्यें हा मान मिळविणारी ती पहिली ऑस्ट्रेलियन स्त्री होय. तिचे गुण १४·८३३. मागील दोघींचे १४·७६६. उत्तरपत्रिका तपासतांना आम्ही शिक्षक अर्धा गुण किती सहज कापतों!

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकांत त्याच कसरतींत ती पांचवी आली. तथापि तिचें नांव नियमग्रंथांत गेलेलें आहे. दहा सेंटिमीटर रुंदीच्या तुळईवर एका पायावर बसून, दुसरा पाय सरळ धरून, तीन पूर्ण गिरक्या घेणें यास ‘मिचेल’ असें म्हणतात. मुलींनो, अंगणांत खडूनें तेवढ्याच अंतरावर दोन रेघा ओढा, आणि त्यांमध्यें नुसती एक गिरकी घेऊन पाहा.