तयार गडी

रत्नागिरीत एप्रिल-मेमध्ये कुणाच्याही घरी जा, पडवी ओलांडायच्या आधी तोच भेटतो. आतल्या काळोख्या खोलीत, गवताच्या अढीत, स्वारी निजलेली असते. फळाचं कौतुक पुष्कळांनी केलंय. मला लळा आहे तो त्याच्या नावाचा.

हापूस. तीन अक्षरं. इतका घरातला, की त्याचं कूळ कुणी विचारत नाही. गुजरातेत तो हाफुस होतो, परदेशी निघाला की अल्फान्सो. २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेही अल्फान्सो म्हणूनच.

कूळ मात्र जर्मानिक आहे. पाचव्या शतकात व्हिसिगॉथ टोळ्या स्पेनमध्ये शिरल्या. ७११च्या अरब स्वारीत त्यांचं राज्य बुडालं, त्यांची नावं तगली. त्यांतलंच एक अल्फोन्सो. स्पेनच्या राजघराण्यांनी ते मिरवलं. पोर्तुगीजांनी त्यातला ‘ल’ गाळून आफोन्सु केलं. त्यांचा पहिला राजा याच नावाचा. १५१० साली गोवा जिंकणारा आल्बुकेर्कही आफोन्सुच. गोव्यात पोर्तुगीजांनी कलमं बांधून जोपासलेल्या एका आंब्याला त्याचंच नाव मिळालं, असं मानतात. कोकणी-मराठी जिभेवर ‘न’ विरघळला, पुढे ‘ह’ आला, आणि हापूस आमचा झाला.

अल्फोन्सो या नावाचा पूर्वार्ध कुणी ‘अदल’ म्हणजे कुलीन असा लावतात. जर्मनमधला ‘एडल’ त्याच गोतातला. कुणी ‘हथु’ म्हणजे युद्ध मानतात. उत्तरार्धाबद्दल वाद नाही: ‘फुन्स’, म्हणजे तयार, उत्सुक. जुन्या इंग्रजीत याच शब्दातला ‘न’ गळून ‘फूस’ झाला. आइसलँडमध्ये आजही ‘फूस’ म्हणजे मनापासून राजी. हजारो मैलांवरच्या त्या जिभांनी आणि आमच्या जिभेनं, एकमेकींचा पत्ताही नसताना, तेच अक्षर सोडलं. हे कळलं त्या दिवसापासून हापूस म्हणताना मी थोडा थांबतो.

राजांची नावं वाहून आणणारा हा शब्द शेवटी गवतावर येऊन विसावला, आणि तिथे त्याचा हरवलेला अर्थ त्याला परत मिळाला. कारण आमच्याकडे आंबा नुसता पिकत नाही, ‘तयार’ होतो. काकू अढी उघडते, एकेक फळ उचलून देठाशी नाक नेते. बोटानं दाबून पाहणं तिला खपत नाही. काही परत गवतात जातात. मग एक माझ्या हातात येतो.

“हा तयार झालाय. आधी देवापुढे ठेव.”